सातवीच्या परीक्षेचे पुनरागमन

पूर्व उच्च प्राथमिक आणि पूर्व माध्यमिक अशी लांबलचक नावे धारण करून पाचवी आणि आठवीच्या वर्गांत जाऊन बसलेली शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीत आणण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला. कोणाही विद्यार्थ्याची संधी हुकू नये म्हणून २०२५-२६ या एका वर्षापुरती चारही इयत्तांची परीक्षा घेण्याचे ठरले आणि त्यानंतर ती केवळ चौथी व सातवीची राहावयाची आहे. वर्तमानपत्रांतून या बातमीस आतल्या पानावर चार ओळींची जागा मिळाली. राजकारणाच्या धुरळ्यात ती कोणाच्या नजरेस पडली नसेल तर नवल नाही. तथापि राज्यातील लक्षावधी घरांतील मुलांच्या आयुष्यातील पहिल्या सार्वजनिक परीक्षेसंबंधीचा हा निर्णय आहे. शिवाय, दहा वर्षांपूर्वी शासनानेच केलेली एक चूक शासनानेच दुरुस्त करण्याचा दुर्मीळ योग त्यात आहे. म्हणून त्याचा विचार अंमळ विस्ताराने करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुळात ही परीक्षा हलविली का, हे प्रथम पाहिले पाहिजे. २००९ चा बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक असा टप्पा ठरवून दिला. महाराष्ट्रातील व्यवस्था याहून निराळी होती. आपल्याकडे प्राथमिक शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत, आणि माध्यमिक शाळा बहुधा पाचवीपासून दहावीपर्यंत. सातवी हा आपल्या शिक्षणव्यवस्थेतील पुरातन उंबरठा होय. एके काळी सातवी होणे म्हणजे 'फायनल' होणे. त्या एका प्रमाणपत्राच्या बळावर कित्येक खेडूत तरुण शिक्षक झाले, तलाठी झाले, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या शहरांत येऊन आज हे दैनिक वाचीत आहेत. कायदा झाला तरी हा उंबरठा एका रात्रीत हलणार नव्हता. पाचवीचे वर्ग हायस्कुलांकडून काढून प्राथमिक शाळांस जोडावेत, तर हायस्कुलांतील शिक्षक अतिरिक्त ठरतात. सातवीच्या शाळेस आठवी जोडावी, तर तेथे खोली नाही आणि शिक्षकही नाही. परिणामी वर्गजोडणीचे काम काही ठिकाणी झाले, पुष्कळ ठिकाणी अर्धवट राहिले. परीक्षा मात्र २०१५ च्या निर्णयाने कागदावरील रचनेच्या मागोमाग गेली आणि २०१६-१७ पासून ती पाचवीस व आठवीस होऊ लागली.

व्हावयाचे तेच झाले. जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या शाळेतील गुरुजींच्या हातून ही परीक्षा गेली. मूल पहिलीपासून त्यांनी वाढवावे, पाढे त्यांनी पाठ करून घ्यावेत, आणि परीक्षा दुसऱ्याच शाळेने द्यावी! पाचवीत ते मूल तीन-चार किलोमीटरांवरील हायस्कुलात नवखे असते. त्याचे नाव शिक्षकांच्या तोंडी बसण्यापूर्वीच परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपत येते. आठवीत तीच गत. सातवीपर्यंत शाळेत असलेला हुशार मुलगा परीक्षेच्या वर्षीच शाळा सोडून गेलेला. परीक्षेस बसणाऱ्यांची संख्या घटत गेली, ती मुलांची बुद्धी आटली म्हणून नव्हे. त्या परीक्षेस मायबाप उरले नाहीत म्हणून. ताज्या निर्णयामागचे मुख्य कारण हेच आहे, आणि ते खरे आहे.

शहरातील वाचकास शिष्यवृत्तीच्या वर्गाची कल्पना सहजी यावयाची नाही. पश्चिम महाराष्ट्रातील, विशेषतः कोल्हापूर जिल्ह्यातील खेड्यांत या वर्गाची एक परंपराच निर्माण झाली होती. पहाटे शाळेचे दार उघडावयाचे, दिवाळीच्या सुट्टीतही फळ्यावर संख्यामालिका लिहिलेली असावयाची, हिवाळ्यात मुलांनी अंथरुणे घेऊन शाळेतच मुक्कामास यावे आणि गावकऱ्यांनी त्यांच्या भाकरीची व्यवस्था करावी. यात गुरुजींना जादा वेतन नव्हते. निकालाच्या दिवशी गावच्या वेशीवर होणारा सत्कार आणि तालुक्यात निघणारे नाव एवढीच त्यांची कमाई. आम्ही स्वतः काही वर्षे खडू हाती धरला आहे. गावाने आपल्या शाळेची बातमी अभिमानाने सांगावी याहून मोठे बक्षीस शिक्षकास दुसरे नसते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. गेल्या दशकात हा अभिमान गावातल्या शाळेपासून तोडला गेला. परीक्षा परत आली म्हणून तो आपोआप परत येईल असे मात्र नाही. ज्या शिक्षकांनी ते वर्ग चालविले त्यांतील बहुतेक निवृत्त झाले आहेत, आणि त्यांच्या जागी आलेल्या तरुण शिक्षकाचा अर्धा दिवस मोबाइलवर माहिती भरण्यात जातो.

आता निकालाकडे पाहू. फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या परीक्षेस पाचवीचे सुमारे साडेपाच लाख विद्यार्थी बसले. पात्र ठरले सुमारे एक लाख एकतीस हजार, म्हणजे शेकडा २४. आठवीचे सुमारे तीन लाख सहासष्ट हजार बसले. पात्र सत्तर हजारांच्या किंचित वर, म्हणजे शेकडा १९. येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. 'पात्र' म्हणजे प्रत्येक प्रश्नपत्रिकेत किमान ४० टक्के गुण मिळविणारा, शिष्यवृत्तिधारक नव्हे. शिष्यवृत्त्या प्रत्येक स्तरावर सोळा-सतरा हजारांच्या घरात आहेत. शाळांच्या सूचनाफलकांवर आणि दुर्दैवाने वर्तमानपत्रांच्या स्तंभांतही हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. 'अमुक विद्यालयाचे चाळीस विद्यार्थी शिष्यवृत्तीत चमकले' अशा बातमीतील चाळीसपैकी प्रत्यक्ष रक्कम तिघांनाच मिळणार असते, आणि उरलेल्या सदतिसांच्या पालकांस ते पुढे कित्येक महिने उमगत नाही.

रकमेचेही असेच. पूर्वी ही रक्कम इतकी क्षुल्लक होती की ती मिळविण्यासाठी बँकेत खाते उघडण्याचा खटाटोप करण्यापेक्षा ती सोडून देणे कित्येकांस परवडे. २०२३ मध्ये शासनाने ती वाढवून पाचवीसाठी वर्षास ५,००० रुपये आणि आठवीसाठी ७,५०० रुपये केली. ही वाढ उशिरा झाली, पण योग्य झाली. तिच्याशेजारी केंद्र शासनाची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती ठेवून पाहावी. २००८ मध्ये सुरू झालेली ही योजना आठवीच्या परीक्षेवर आधारलेली आहे. ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे, पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख रुपये आहे, आणि यशस्वी विद्यार्थ्यास नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये मिळतात. महाराष्ट्राच्या वाट्यास अशा ११,६८२ शिष्यवृत्त्या आहेत. शेतमजुराच्या मुलीस चार वर्षांत अठ्ठेचाळीस हजार रुपये मिळाले, तर तिचे शिक्षण दहावीवर थांबविण्यापूर्वी बाप दोनदा विचार करतो. शहरी पालकांत मात्र या परीक्षेचे नावही फारसे ठाऊक नसते. कारण तिच्यात प्रतिष्ठा नाही, गरज आहे.

प्रतिष्ठेची परीक्षा कोणती, हे शहराच्या चौकाचौकांतील फलकांवरून समजते. शिष्यवृत्ती, नवोदय, होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा अशी नावे आणि त्यांखाली टिळा लावलेल्या मुलामुलींची छायाचित्रे. हे फलक शाळांचे नसतात, खाजगी वर्गांचे असतात. एकाच मुलीचे छायाचित्र दोन वर्गांच्या फलकांवर झळकलेले आम्ही पाहिले आहे. तिला जिने वाचावयास शिकविले त्या शाळेचे नाव एकावरही नव्हते. परीक्षेच्या स्वरूपाचा यास हातभार लागतो. दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकीत ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास. म्हणजे एका प्रश्नास ७२ सेकंद. पहिल्या प्रश्नपत्रिकेत प्रथम भाषा व गणित, दुसरीत तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी. चार पर्यायांतून वर्तुळ रंगवावयाचे. आठवीच्या परीक्षेत तर काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय. भाषेच्या परीक्षेत मुलास एक वाक्यही स्वतः लिहावे लागत नाही. आरशातील प्रतिमा आणि सांकेतिक भाषा यांची युक्ती सरावाने साधते, आणि सराव विकत मिळतो. आता ही स्पर्धा पाचवीतून चौथीत, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलापर्यंत उतरणार. खाजगी वर्गांच्या जाहिराती त्याच गतीने तिसरीच्या मुलापर्यंत उतरतील, यात आम्हांस संशय नाही. शासनाच्या निर्णयाचा लाभ गावच्या शाळेपूर्वी शहरातील वर्गांनीच उचलला, असे दृश्य दिसणे अशक्य नाही.

आणि हे सारे ज्या मुलांविषयी आहे ती वर्गातील पहिल्या दोन बाकांवरची मुले होत. मागच्या बाकांचे काय? ग्रामीण भारताची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालाच्या २०२४ च्या आकड्यांनुसार देशातील आठवीच्या मुलांपैकी शेकडा ७१ मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकतात. तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागण्याचे गणित शेकडा ४६ मुलांनाच जमते. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत, आणि महाराष्ट्राने त्यांत स्वतःपुरती सवलत शोधण्याचे कारण नाही. भागाकार न येणारे मूल आणि बहात्तर सेकंदांत बुद्धिमत्तेचे कोडे सोडविणारे मूल ही दोन्ही एकाच हजेरीपटावर असतात. शाळेची बातमी म्हणून दुसऱ्याचे छायाचित्र छापले जाते. पहिल्याची नोंद कोठेच होत नाही. सातवीत प्रवेश घेताना भागाकार न येणारी वीस मुले वर्षअखेर तो करू लागली, तर ती त्या शाळेची कामगिरी नव्हे काय? आमच्या मते ती पहिल्या प्रतीची कामगिरी होय, आणि ती मोजण्याचे साधन एका साध्या वहीपलीकडे काही लागत नाही.

येथेच नव्या निर्णयातून एक चमत्कारिक विसंगती उद्भवते, आणि तिचा विचार मंत्रालयात झालेला दिसत नाही. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलून पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलास पूरक मार्गदर्शन देऊन फेरपरीक्षेची संधी द्यावयाची आणि तीतही अपयश आल्यास त्याच वर्गात ठेवावयाचे, असे ठरले. हे टप्पे कायद्याच्या रचनेस धरून आहेत. आता गुणवत्तेची परीक्षा चौथी-सातवीत गेली आणि नापासाची परीक्षा पाचवी-आठवीत राहिली. म्हणजे चौथीच्या गुरुजींच्या वाट्यास सत्कार आणि पाचवीच्या शिक्षकाच्या वाट्यास नापासांची यादी! चौथीपर्यंत जे कच्चे राहिले त्याचा हिशेब हायस्कुलाने द्यावा, आणि जे पक्के झाले त्याचे श्रेय प्राथमिक शाळेने घ्यावे, ही वाटणी दोघांसही न्याय्य नाही. यातून दोन शाळांमध्ये सहकार्याऐवजी हेवेदावे वाढतील. पाचवी आणि आठवीचे वर्ग अखेरीस कोणाचे, याचा निकाल राज्याने गेल्या पंधरा वर्षांत लावलेला नाही. परीक्षा इकडून तिकडे नेऊन तो लागणारही नाही.

त्याहून कठीण प्रश्न शाळेच्या अस्तित्वाचाच आहे. २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले, तेव्हा अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक आणि त्यांतील मुले सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार असल्याचे दिसून आले. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांनी सहावी ते आठवीच्या लहान वर्गांवरील शिक्षकांची पदे धोक्यात येतात, अशी शिक्षक संघटनांची तक्रार आहे. सातवीची परीक्षा गावच्या शाळेस परत द्यावयाची आणि सातवी शिकविणारा शिक्षकच तेथे ठेवावयाचा नाही, हे एकाच खात्याच्या एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे झाले. पट कमी असलेल्या शाळांचा प्रश्न खोटा नाही. चार मुलांच्या शाळेत मूल एकटे पडते, हे आम्ही मान्य करतो. परंतु डोंगराळ भागात तीन किलोमीटर हे अंतर नकाशावर जेवढे दिसते तेवढे नसते, आणि बारा वर्षांच्या मुलीच्या आईस ते आणखी लांब वाटते.

राहता राहिला शुल्काचा प्रश्न. बिगरमागास विद्यार्थ्याकडून दोनशे रुपये आणि मागासवर्गीय विद्यार्थ्याकडून एकशे पंचवीस रुपये हे या परीक्षेचे शुल्क आहे. काही जिल्हा परिषदा ते स्वतःच्या उत्पन्नातून भरतात. कित्येक ठिकाणी गुरुजी खिशातून भरतात. जेथे दोन्ही होत नाही तेथे मुलाचा अर्जच जात नाही. ज्या परीक्षेचा हेतू गरीब घरातील बुद्धिमान मूल हेरणे हा आहे, तिच्या दारावर नाके बसविण्याचे प्रयोजन काय? सरकारी शाळांतील मुलांपुरते हे शुल्क माफ करण्यास जो खर्च येईल तो राज्याच्या अर्थसंकल्पात शोधूनही सापडावयाचा नाही. परीक्षा परिषदेने आणखी एक गोष्ट विनासायास करण्यासारखी आहे. निकालाबरोबर तालुकावार आकडे प्रसिद्ध करावेत: सातवीत मुले किती, परीक्षेस बसली किती, त्यांतील जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या शाळांतील किती, आणि प्रत्यक्ष शिष्यवृत्ती किती जणांच्या खात्यात किती महिन्यांनी जमा झाली. पहिल्या निकालापासूनच हे आकडे बाहेर येऊ लागले, तर परीक्षा खरोखर कोणाकडे परत गेली ते दोन वर्षांत कळून येईल.