फळाफुलांचा सेंट



उन्हाळा लागला की घरोघरी एक मागणी सुरू होते. "आई, मला सेंट हवा!" दुकानात तर बाटल्यांची रांगच असते. एकीवर सफरचंदाचं चित्र, दुसरीवर पीचचं, तिसरीवर मोगऱ्याचं. काही स्वस्त, काही भलत्याच महाग. मग प्रश्न पडतो, स्वस्त सेंट घेतला तर आपण फसतो का?

त्यासाठी बाटलीत काय असतं ते आधी पाहू या. बराचसा भाग असतो अल्कोहोल आणि पाण्याचा. सुगंधी द्रव्य थोडंच. बाटलीवर 'ओ द त्वालेत' असं लिहिलेलं असेल, तर ते साधारण ५ ते १५ टक्के असतं. 'बॉडी मिस्ट'मध्ये त्याहूनही कमी. रोज उन्हाळ्यात लावायला असा हलका वासच बरा.

आता गंमत ऐका. संत्र्याची साल दाबली की तेलाचे बारीक तुषार उडतात, ठाऊक आहे ना? त्या तेलाचा सेंट करता येतो. पण सफरचंद, पीच, नासपती यांच्यातून असं तेल फारसं हाती लागत नाही. म्हणून त्यांचे वास कारखान्यात तयार करतात. पिकलेल्या केळ्याच्या वासात 'आयसोअमाइल ॲसिटेट' नावाच्या रसायनाचा मोठा वाटा असतो, तर जाईच्या वासात 'बेन्झाइल ॲसिटेट'चा. केळं कुठं नि जाई कुठं! पण ही दोन्ही रसायनं एकाच घराण्यातली बरं का. त्या घराण्याचं नाव 'एस्टर'. ही रसायनं कारखान्यात स्वस्तात बनतात, म्हणून कमी किमतीतही छान वास मिळू शकतो. महागड्या बाटलीत खरी फुलांची तेलं असू शकतात. पण आपण काचेचे, खोक्याचे आणि जाहिरातीचेही पैसे मोजत असतो!

आता दुसरी गोष्ट, घामाची. ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो! त्वचेवरचे जिवाणू घामातल्या द्रव्यांचं विघटन करतात, तेव्हा वास येतो. तुम्ही मोठे होऊ लागता तेव्हा काखेतल्या खास ग्रंथी कामाला लागतात. म्हणून काल-परवापर्यंत न येणारा वास आता येऊ लागतो. यात कुणाचाही दोष नाही. पण सेंटनं घाम धुतला जात नाही. वर फवारला, तर दोन्ही मिळून तिसराच वास तयार होतो! आधी साबणानं आंघोळ, उन्हात वाळवलेला बनियन, आणि मग हवा तर सेंट.

आणि हो, वर्गात कुणाकडे बघून नाक दाबू नका. तो कदाचित लांबून चालत आला असेल. ज्याच्या वस्तीत टँकर चार दिवसांनी येतो, त्याला दोन वेळा आंघोळ कुठली? अगदी सांगायचंच असेल, तर एकटा असताना मित्रासारखं सांगा. चारचौघांत लागलेला शब्द आंघोळीनं जात नाही.

आईबाबांसाठी दोन शब्द. सेंट पेट घेतो, म्हणून देवघरातल्या निरांजनापासून आणि गॅसपासून दूर ठेवावा. काही सेंट त्वचेवर लावून उन्हात गेलं की काळे डाग पडतात, म्हणून मुलांनी तो रुमालाला लावलेला बरा. वर्गात कुणाला दमा असेल, तर शाळेत लावूच नये. आपल्याच सेंटचा वास आपल्या नाकाला थोड्या वेळात जाणवेनासा होतो; म्हणून 'गेला वाटतं' असं समजून पुन्हा पुन्हा फवारू नये.

करून पाहा : वहीच्या कागदाच्या दोन पट्ट्या कापा. दोन्हींवर सेंटचा एकेक थेंब टाका. एक उन्हात ठेवा, एक सावलीत. लगेच, १० मिनिटांनी आणि २ तासांनी वास घ्या. आधी बहुधा फळाचा वास येईल, मग फुलाचा, शेवटी चंदन-कस्तुरीसारखा मंद वास उरेल. कोणती पट्टी लवकर संपली? का बरं? उत्तर वहीत लिहा.

आणि पुढच्या वेळी दुकानात पहिल्याच वासावर भुलू नका. थोडं थांबा, आणि मगच आईकडे हट्ट करा!