‘निरंक’ लिहिण्याआधी

पहिल्या नोकरीच्या अर्जात नाव, पत्ता, गुण हे रकाने भराभर भरले जातात. पेन अडते ते ‘पूर्वानुभव’पाशी. तिथे ‘निरंक’ लिहायची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि ती चुकीची आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाकडून दोन वर्षांत २४० तास काम अपेक्षित असते, शिवाय सात दिवसांचे शिबिर. गणेश मंडळाची पावतीपुस्तके सांभाळून शेवटी जमाखर्च पैशापैशाने जुळवणारी मुलगी हिशेबनिसाचेच काम करते. ‘कमवा आणि शिका’मधल्या मुलांनी तर कॉलेजच्या ग्रंथालयात तासांवर राबून पैसे मिळवलेले असतात. हे निरंक कसे? मात्र ‘जबाबदारीची जाणीव आहे’ असले गुळमुळीत वाक्य नको. किती पावत्या, किती रक्कम, किती दिवस, एवढेच लिहावे.

हे पडताळायचे कसे, असे विचारले जाईल. ओळखीच्या दुकानदाराने लेटरहेडवर दिलेला अनुभवाचा दाखला तरी कोण पडताळतो? पाच बिले पुढे ठेवून नोंदी करायला सांगितल्या, की दहा मिनिटांत कळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वेल्डिंगला, लेथला हात बसलेलाच लागतो. पण त्यासाठीच १९६१चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे, आणि ३० किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधनही. ते टाळून नवख्यांच्या जागेसाठी ‘दोन वर्षांचा अनुभव हवा’ म्हणणारा मालक दुसऱ्याने शिकवलेला माणूस फुकटात मागत असतो. निदान अशा अर्जांत तरी रकान्याचे नाव ‘केलेली कामे’ असे छापावे. शाईचा खर्च तेवढाच येईल.