तालमीची किल्ली अंगणवाडीच्या बाईंकडे

गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री कोल्हापुरात जरगनगरातल्या महापालिकेच्या शाळेसमोर पालकांची रांग लागते. पहिलीला प्रवेश मिळावा म्हणून माणसं तिथं रात्र काढतात आणि त्याची बातमी छापून येते. मराठी शाळांना घरघर लागल्याच्या बातम्या वाचून विटलेल्या माझ्यासारख्याला ही रांग सुखावते. महापालिकेच्या मराठी शाळेसाठी रांगा लावणारं शहर आहे आमचं, हे परगावच्या पाहुण्याला मी आवर्जून सांगतो. तरी एक हिशेब डोक्यातून जात नाही. पहिलीत जाणारं पोरगं सहा वर्षांचं असतं, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच नोंद आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होऊन गेलेली असते. आपण रांगेत उभे राहतो तेव्हा बराचसा डाव खेळून झालेला असतो. त्याआधीच्या वर्षांसाठी मात्र या शहरात कुठं रांग नाही. रांग लावावी असं ठिकाणच नाही.

कायद्याची गतही तीच. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहाच्या आतल्या मुलांबद्दल घटना एवढंच म्हणते की राज्य प्रयत्न करील. आता ‘प्रयत्न करतो’ याचा सरकारी दरबारातला अर्थ कोल्हापूरकराला सांगायला नको. याच गावात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. शंभर वर्षं उलटून गेली, आपण अजून त्या सहा वर्षांच्या उंबऱ्यावरच उभे आहोत.

अंगणवाडी आहे की, असं कुणी म्हणेल. आहेच. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली तेव्हा देशभरात ३३ प्रकल्प होते आणि त्यांतले शहरी फक्त चार. योजनेची मूळ घडण गावाची आहे, आणि ती अजून जाणवते. गावात अंगणवाडीला ग्रामपंचायत जागा देते, छप्पर गळलं तर लोक सरपंचाला धरतात, वर जिल्हा परिषद असते. उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला-बालकल्याणावर खर्च करायचं बंधन ग्रामपंचायतीवर आहे. शहरात मात्र अंगणवाड्या ‘नागरी प्रकल्पा’खाली येतात, म्हणजे थेट राज्याच्या महिला व बालविकास खात्याकडे. त्यांचा धनी नवी मुंबईतल्या आयुक्तालयात. महापालिकेत महिला व बालकल्याण समिती असते, पण राजेंद्रनगरातल्या किंवा सदर बाजारातल्या अंगणवाडीला पाण्याचा नळ नाही म्हणून कुणी गेलं, तर हा विषय आमच्याकडं येत नाही, असं सांगायला महापालिका मोकळी. त्यात नोव्हेंबर २०२०मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाकडं राहिला. ‘आमच्याकडं येत नाही’ हे ऐकायला निदान नगरसेवक तरी समोर लागतो, तोही नव्हता.

मग शहरातली अंगणवाडी भरते कुठं? कुणाच्या तरी घराच्या पुढच्या खोलीत, भाड्यानं. सरकार भाडं देतं, पण ते ज्या खोलीला पुरतं त्या खोलीत वीस पोरं मांडी घालून बसली की बाईंना पाय ठेवायला जागा राहत नाही. वजनकाटा, रजिस्टरं, आहाराची पाकिटं, सतरंज्या, खेळण्यांचं खोकं सगळं तिथंच. खेळण्यांचं खोकं उघडायला मोकळी फरशी लागते, म्हणून ते बंदच असतं. मालकाच्या घरात पाहुणे आले, लग्नकार्य निघालं की अंगणवाडीला सुट्टी. दोन वर्षांचं पोर धावत नाही, लोळत नाही, सांडत नाही, तर शिकणार काय? तारा मोडक १९४५मध्ये बोर्डीला गेल्या, पुढं अनुताई वाघांना बरोबर घेऊन आदिवासी पाड्यांवर त्यांनी बालवाड्या मांडल्या. तिथं घर चंद्रमौळी असलं तरी समोर अंगण होतं. शहरात सरकारनं अंगणवाडी दिली, अंगण देणार कोण?

यावर बाईंनीच काहीतरी करावं, असा सूर निघतो. तो मला मान्य नाही. सेविका आधीच सहा वर्षांखालच्या पोरांचं वजन घेते, आहार वाटते, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी निरोप पोचवते, गरोदर बायकांची नोंद ठेवते आणि वर मोबाइलवर ‘पोषण ट्रॅकर’ भरते. कागदोपत्री ती कर्मचारी नाही, मानधनी आहे. केंद्रानं २०१८मध्ये ठरवलेला मानधनातला वाटा सेविकेला महिना ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये. त्यावर राज्य भर घालतं, तीही भांडून घ्यावी लागते. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातल्या सेविका-मदतनीस ५२ दिवस संपावर होत्या. त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे हे सांगायला एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं. या बाईंच्या डोक्यावर आणखी एक पाटी ठेवून ‘समाजाचा सहभाग’ साधणार असाल, तर हा लेख इथंच मिटा.

बरं, हे फक्त वस्तीतल्या घरांपुरतं नाही. ताराबाई पार्कात किंवा राजारामपुरीत राहणाऱ्या, दोघंही नोकरीला जाणाऱ्या जोडप्याला विचारा. आजी-आजोबा गडहिंग्लजला नाहीतर भुदरगडात. पोर दीड वर्षाचं, हातात मोबाइल दिल्याशिवाय घास गिळत नाही. बोलायला उशीर होतोय का, हे कुणाला विचारायचं ते माहीत नाही. मग रात्री व्हॉट्सअॅपवर विचारतात आणि उत्तरं वाचून जास्तच घाबरतात. अडीच वर्षांचं झालं की प्ले ग्रुप, भिंतीवर मिकी माऊस, फी भरपूर, आणि पहिल्याच महिन्यात एबीसीडी गिरवायला. फी भरली म्हणजे आपलं कर्तव्य झालं, अशी त्या घरातली समजूत असते. वस्तीतल्या आईकडं पैसा नाही, फ्लॅटमधल्या आईकडं वेळ नाही. पोराशी दिवसभर काय बोलायचं, कसं खेळायचं, हे दोघींना कुणी सांगितलेलं नाही. बापाचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

सांगून फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजलेला आहे. जमैकात किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७मध्ये वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली, वय नऊ महिने ते दोन वर्षं. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची. ती घरच्याच वस्तूंची खेळणी करून आईला पोराशी खेळायला लावायची. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांना शोधून काढलं, तर अशी भेट मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. हा निष्कर्ष २०१४मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. जमैका लांब वाटत असेल तर ओडिशातलं कटक घ्या. तिथल्या ५४ झोपडपट्ट्यांत ४२१ मुलांवर हाच प्रयोग झाला. घरोघरी जाणाऱ्या बायका वस्तीतल्याच होत्या, या कामाचा अनुभव नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या. दीड वर्षात मुलांच्या समजेत स्पष्ट फरक दिसला. पुढं ओडिशाच्या खेड्यांत आणखी एक गोष्ट पडताळली: घरोघर जाण्याऐवजी आया आणि मुलं एकत्र बसवून आठवड्याला गट घेतला तर? परिणाम जवळजवळ तेवढाच आला आणि खर्च बराच कमी.

गट घ्यायचा तर मोकळी जागा लागते, आणि जागा म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर तालमी येतात. फिरंगाई, वेताळ, नंगीवली, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. पेठेपेठेत तालीम, उपनगरांत तरुण मंडळांची सभागृहं, त्यात समाजमंदिरं धरा. पक्कं बांधकाम, वीज, पाणी, बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृह. पहाटे जोर-बैठका, संध्याकाळी बैठका आणि कॅरम, गणपतीत मांडव, मोसमात फुटबॉल. आणि सकाळी दहा ते दुपारी दोन? कुलूप. शहराच्या मध्यवस्तीत इतकी फरशी रोज चार तास रिकामी पडून असते आणि दोन गल्ल्या पलीकडं वीस पोरं एका खोलीत कोंबलेली असतात.

या रिकाम्या वेळात अंगणवाडी तालमीत भरवावी, हे काही नवं डोकं लढवलेलं नाही. नव्वदच्या दशकात ‘प्रथम’नं मुंबईत बालवाड्या उघडल्या तेव्हा इमारती बांधल्या नाहीत. कुणाचं घर, कुठं देऊळ, कुठं राजकीय पक्षाचं कार्यालय, मिळेल तिथं पोरं बसवली. आपल्या मंडळांची ताकद तर पुरात दिसलेली आहे. २०१९ला मंडळांच्याच तरुणांनी माणसं बाहेर काढली, जेवणं शिजवली. आठवडाभर हजारोंना जेवू घालणाऱ्यांना सकाळी हॉल उघडून देणं जड नाही.

आता हरकती. तालीम पुरुषांची जागा आहे, बायका तिथं पाऊल टाकायला कचरतात, आणि काही ठिकाणी संध्याकाळच्या बैठकीचा वास सकाळपर्यंत रेंगाळतो, हे मला ठाऊक आहे. अशा ठिकाणी अंगणवाडी नकोच. जिथं आया स्वतः येऊन जागा बघतील आणि चालेल म्हणतील, तिथंच. दुसरी भीती फलकाची. पोरांच्या डोक्यावर नेत्याचा फोटो, खाऊवाटपाला छायाचित्रकार, वाढदिवसाला केक. त्यावर उपाय एकच, लेखी करार. मंडळानं द्यायचं ते फरशी, वीज आणि झाडलोट. शिकवणं, आहार, हजेरी, कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, हे सगळं बाईंचं. पेठेतल्या तालमीत पेठेबाहेरच्या भाडेकरूचं, परप्रांतीय गवंड्याचं, कुठल्याही जातीधर्माचं पोर बसेल, हे पहिलं कलम. ज्या मंडळाला ते जमणार नसेल त्यानं आपलं कुलूप राखावं.

बापांबद्दल मात्र तालीम जे करू शकेल ते दुसऱ्या कुणालाच जमणार नाही. राज्यात बालविकास सेवा योजना, युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांनी मिळून ‘आरंभ’ उपक्रम उभा केला. यवतमाळ आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात सुरुवात झाली. त्यातले पालक मेळावे बघण्यासारखे असतात: डबे, चमचे, चिंचोके, जुन्या साड्यांचे तुकडे यांचे खेळ मांडलेले आणि आई-बापांनी पोराला घेऊन एकेका मांडणीशी बसायचं. असा मेळावा अंगणवाडीत ठेवला तर आया येतील. तोच तालमीत ठेवला आणि सांगावा वस्तादांकडून गेला, तर बापही येतील, निदान लाजेकाजेस्तव. वस्ताद पोराला लाल मातीत उतरवण्याआधी कित्येक महिने त्याची खुराक, झोप, अंगमेहनत सांभाळतो. कुस्तीच्या दिवशी बदाम चारून पैलवान होत नाही, हे या गावाला शिकवायला नको. तेवढं शहाणपण दोन वर्षांच्या लेकराबाबत वापरावं, एवढंच मागणं आहे.

जागेनं वेळेचा प्रश्न सुटत नाही, हेही सांगून ठेवतो. अंगणवाडी दुपारी सुटते. घरकाम करणारी, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कारखान्यावर जाणारी, राजारामपुरीत दुकानात उभी राहणारी बाई घरी येते संध्याकाळी. मधल्या वेळेत पोर थोरल्या बहिणीकडं, म्हणजे ती बहीण शाळेबाहेर. सुभाषनगरात चपलांच्या वेण्या घालणारी बाई घरातच असते, पण तिच्या हाताला सुट्टी नसते. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर हवं, असं मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीनं सांगितलं. आपल्या औद्योगिक वसाहतींतला बहुतेक माल छोट्या युनिटांतून निघतो, ती युनिटं या आकड्याच्या खालीच राहतात. म्हणून कारखानदारांच्या संघटनांनी वसाहतीत मिळून एक पाळणाघर चालवावं. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे. त्यासाठी दुपारच्या पाळीला वेगळी, पगारी बाई लागेल. तिचा पगार महापालिकेनं द्यावा. रस्त्याच्या डांबराइतका टिकाऊ खर्च नाही, असं कुणी म्हणालं तर आपल्या रस्त्यांकडे एकदा बघावं.

गणपतीच्या आधी प्रत्येक मंडळाची बैठक होते. वर्गणी, मूर्ती, मिरवणूक, डॉल्बी की ढोल-ताशा, यावर मध्यरात्र होते. यंदा त्या बैठकीला आपल्या भागातल्या अंगणवाडीच्या बाईंना बोलवा. सोबत दोन-चार आया येऊ द्यात आणि त्यांचा विषय पहिला घ्या. शेवटी ठेवला तर सगळे उठून गेलेले असतात. हॉल किती वाजता मोकळा होतो, झाडून कोण ठेवणार, विजेचं बिल कुणाच्या खात्यावर, स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, लहान पोरांच्या हाताला लागेल असा नळ बसवायला किती खर्च येतो, हे त्याच रात्री ठरवता येतं. मंडळानं ठराव करून त्याची एक प्रत नागरी प्रकल्पाच्या कार्यालयात आणि एक महापालिकेत द्यावी. आणि किल्लीच्या दोन प्रती करून एक बाईंकडे.