मामांची चौकशी

चार महिन्यांचं बाळ. न्यूमोनियाची दुसरी खेप, वजन वाढत नाही, तोंडातला पांढरा थर औषधाने जातो आणि परत येतो. सीबीसीत पांढऱ्या पेशी ९०००, लिम्फोसाइट २० टक्के. रिपोर्टवर काहीच ठळक छापलेलं नाही, कारण कित्येक लॅबच्या मर्यादा मोठ्या माणसांच्या असतात. गुणाकार केला की लिम्फोसाइट भरतात १८००. या वयात आकडा ३०००च्या खाली आला की ‘स्किड’ (प्रतिकारशक्तीचा जन्मजात तीव्र अभाव) मनात यायलाच हवा. प्रत्यक्षात आपण अँटिबायोटिक बदलतो. (आकडा बरा असला म्हणून निर्धास्तही होऊ नये, आईच्या पेशी बाळात रुजून फसवतात.)

उशीर महागात पडतो. उत्तर अमेरिकेत २००० ते २००९ दरम्यान मूळपेशींचं प्रत्यारोपण झालेल्या २४० स्किड बाळांपैकी साडेतीन महिन्यांच्या आत उपचार मिळालेल्यांत पाच वर्षांनी ९४ टक्के जिवंत होती. त्याहून मोठ्या, संसर्ग चालू असलेल्या बाळांत ५० टक्के.

आपल्याकडे बीसीजी जन्मतःच टोचली जाते, म्हणजे जिवंत जंतू निदानाच्या आधीच पोहोचलेला असतो. डाव्या काखेतली गाठ बहुतेकदा निरुपद्रवीच. पण सोबत ताप, वाढलेली यकृत-प्लीहा, इतरत्र गाठी असतील तर ‘टीबी’ लिहून एकेटी (क्षयाची औषधं) सुरू करण्याआधी थांबावं. बीसीजीचा जंतू पायराझिनामाइडला जात्याच दाद देत नाही. स्किड आणि सीजीडी (पांढऱ्या पेशींना जंतू मारता न येण्याचा जन्मजात आजार), दोन्हींचा विचार तिथेच व्हावा.

चौकशीत आईच्या भावांबद्दल विचारायचं राहून जातं. मामा तान्हेपणीच गेलेले असणं हा एक्स-गुणसूत्रावरच्या दोषाचा सर्वांत स्वस्त पुरावा. आई-वडील आते-मामे भावंडं आहेत का, हेही विचारावं. विचारण्याला फी लागत नाही.

संशय आला की पुढचा रस्ता आहे. परळच्या केईएम आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत फ्लो सायटोमेट्री होते. २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणात स्किड, सीजीडी आणि विस्कॉट-ऑल्ड्रिच पहिल्या गटात आहेत. ठरावीक केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. उपचार होईपर्यंत रक्त द्यावंच लागलं तर ते इरॅडिएट केलेलं असावं.

आणि ज्या घरात असं एक मूल गेलं आहे, तिथल्या पुढच्या बाळंतपणाआधीच प्रसूतितज्ज्ञांना चिठ्ठी द्यावी: लिम्फोसाइटच्या उपप्रकारांची तपासणी होईपर्यंत बीसीजी नको, रोटाव्हायरसचे थेंबही नकोत.