सरकारी इस्पितळ कोणाचे?

आमच्या समाजातील ज्या कुटुंबांत शिक्षण आले, नोकरी आली आणि महिन्याकाठी खात्रीचा पगार येऊ लागला, त्या कुटुंबांत अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकू येते : "सरकारी इस्पितळ हे गोरगरिबांचे. आपण तेथे कशाला जावयाचे?" बोलणाऱ्यास त्यात प्रतिष्ठा वाटते. आम्हांस त्यात धोका दिसतो, आणि तो नवदीक्षित बंधुभगिनींपुढे स्पष्ट शब्दांत मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

हिशेब काय सांगतो?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, इस्पितळात दाखल होण्याचा खर्च मोजला गेला. बाळंतपणे वगळता सरकारी इस्पितळात एका वेळच्या उपचारास सरासरी ४,४५२ रुपये लागले, तर खाजगीत ३१,८४५ रुपये. हा फरक सात पटींचा आहे. खाजगी इस्पितळांचे कैवारी यावर म्हणतात, की आमच्याकडे अवघड दुखणी येतात. ठीक आहे, मग बाळंतपणच घेऊ. ग्रामीण भागात त्यास सरकारी इस्पितळात सरासरी २,४०४ रुपये आणि खाजगीत २०,७८८ रुपये पडले. शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी संस्थांत शेकडा १४.३ आणि खाजगी संस्थांत शेकडा ४७.४ निघाले. एकाच देशातील स्त्रियांची शरीरे इस्पितळाच्या फाटकावर अशी बदलतात काय?

आपले आजेपणजे मर्तिकासाठी आणि देवकार्यासाठी सावकाराच्या दारी जात. धम्मदीक्षेने ती वाट आपण बंद केली. पण तोच सावकार आता इस्पितळाच्या अनामत रकमेच्या निमित्ताने पुन्हा घरात शिरत असेल, घरातील दागिना, गावाकडील गुंठाभर जमीन आणि मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेली शिल्लक एका आजारपणात उचलून नेत असेल, तर एका पिढीने मिळविलेले दुसरीच्या हाती काय पोहोचणार?

रुग्णास भाव करता येत नाही

खाजगी क्षेत्रात स्पर्धा असते आणि स्पर्धेने भाव उतरतात, असा सिद्धांत आम्हांस ऐकविला जातो. कापड घेणाऱ्यास तो लागू पडेल. एका दुकानी भाव पटला नाही तर तो दुसऱ्या दुकानी जातो. छातीत कळ आलेला मनुष्य कोणत्या दुकानी जाणार? त्यास काय हवे ते विकणाराच ठरवितो, किती हवे तेही विकणाराच ठरवितो, आणि नातेवाईक भीतीने सही करतात.

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविण्याच्या औषधलेपित स्टेंटचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१७ पूर्वी त्याची छापील किंमत सरासरी सव्वा लाखाच्या आसपास होती. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ती २९,६०० रुपयांवर बांधली. वस्तू तीच आणि रोगही तोच. सरकारने हात घालताच किंमत चौथाईवर आली. मग वरचे लाखभर रुपये इतकी वर्षे कोणाच्या खिशात जात होते? याच प्राधिकरणाने २०१८ साली दिल्ली परिसरातील चार खाजगी इस्पितळांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवरील नफा शेकडा १,७०० च्या वर गेलेला आढळला. स्पर्धा येथे कोठे होती?

मागणी जुनी आहे

गरिबाच्या औषधपाण्याचा भार समाजाने उचलावा, हा विचार नवा नाही. भोर समितीने १९४६ च्या अहवालात हे तत्त्व मांडले, की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय मदतीस मुकू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकीर्दीतच प्रा. अडारकर यांचा कामगार आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ साली तयार झाला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्याचे सूत्र साधे आहे : वर्गणी मजुरीच्या प्रमाणात, उपचार आजाराच्या प्रमाणात. पुढे संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले.

हे कलम केवळ शोभेचे आहे असे म्हणणारांनी १९९६ चा निकाल वाचावा. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्यास मार लागलेल्या एका श्रमिकाला एकामागून एक सरकारी इस्पितळांनी परत पाठविले. अखेर खाजगीत सुमारे १७,००० रुपये मोजून त्यास उपचार घ्यावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने हा जीविताच्या हक्काचा भंग ठरविला, २५,००० रुपये भरपाई दिली, आणि पैसा नाही ही सबब राज्यास सांगता येणार नाही, असे बजावले.

सरकारी इस्पितळे वाईट आहेत, त्याचे काय?

हा आक्षेप आम्ही टाळीत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. अशा बातमीनंतर एखाद्या बापाने मुलाला खाजगीत नेले, तर त्यास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही.

परंतु ही दुरवस्था कशाने आली? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा अडीच इतका सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे वचन दिले. २०२१-२२ मध्ये, महामारीच्या काळातही, तो शेकडा १.८४ च होता. त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी शेकडा ३९.४ भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे. ज्यांना अर्ज लिहिता येतो, अधिकाऱ्यास जाब विचारता येतो, ते सारे त्या इस्पितळातून निघून गेले. मागे राहिले ते मुके. रांगेत उभी असलेली आपलीच काकी-मावशी तेथे एकटी पडली आहे.

सरकार म्हणते, आम्ही कार्ड दिले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून आता कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्याने अनेकांचे प्राण वाचले आहेत. ते अवश्य वापरावे. पण यादीतील उपचारांनाच ते चालते. मधुमेहाची, रक्तदाबाची रोजची गोळी त्यात बसत नाही. आणि सरकारी पैसा खाजगी इस्पितळाच्या बिलात गेला, तर तालुक्याच्या इस्पितळात त्याने एकही परिचारिका वाढत नाही.

आता काय करावयाचे?

पहिली गोष्ट, जे मिळाले आहे ते माहीत करून घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या इस्पितळांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. तेथे कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

दुसरी गोष्ट, धर्मादाय इस्पितळांत मान वर करून जा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार त्यांनी शेकडा दहा खाटा निर्धनांस मोफत व शेकडा दहा दुर्बल घटकांस सवलतीने द्यावयाच्या आहेत, आणि तातडीच्या प्रसंगी रुग्णास दाखल करून घ्यावयाचे आहे. धर्मादाय म्हणून त्यांनी करांत आणि इतरत्र सवलती घेतल्या आहेत. त्या खाटा म्हणजे कोणाची दया नव्हे. उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घरात तयार ठेवा.

तिसरी गोष्ट, रुग्ण कल्याण समितीत आणि गावच्या आरोग्य समितीत आपली शिकलेली माणसे पाठवा. औषधे का संपली, डॉक्टरांची जागा किती महिने रिकामी आहे, हे लेखी विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहा. निवडणुकीत मत मागण्यास येणारासही हाच प्रश्न टाका.

ज्याच्या हाती पगार आहे त्याने निकड पडल्यास खाजगीत अवश्य जावे. जीव वाचविणे पहिले. पण बरा होऊन घरी आल्यावर त्याने आपल्या तालुक्याच्या सरकारी इस्पितळात एक फेरी मारावी, तेथील औषधांचा फलक वाचावा आणि जे नाही त्याची मागणी स्वतःच्या सहीने करावी. ते इस्पितळ त्याच्याही पैशाने उभे आहे, आणि तेथे दाखल असलेला रुग्ण त्याचाच भाऊबंद आहे.