रबर कापायचे, तर मोजून कापा

आपल्या वस्त्यांमधल्या तरुणांना गाडी 'लो' करण्याची मोठी हौस. दहावी-बारावीनंतर गॅरेजची वाट धरणारी आपली मुलेही कमी नाहीत. त्यामुळे गाडी लो करून घेणारा आपला आणि करून देणाराही आपलाच, असे अनेक गावांत दिसते. म्हणूनच या कामातल्या एका छोट्या टप्प्याबद्दल स्पष्ट बोलावेसे वाटते. लोअरिंग स्प्रिंग बसवताना शॉकअपमधला बम्प स्टॉप कापतात, तो टप्पा. माझे मत सरळ आहे. स्प्रिंग बनवणाऱ्या कंपनीने मापासकट सांगितले असेल तर तेवढाच कापावा. सांगितले नसेल तर सुरी बाजूला ठेवावी.

बम्प स्टॉप बाहेरून दिसत नाही. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या शॉकअपमध्ये तो दांडीवर, वरच्या माउंटिंगखाली, धूळ अडवणाऱ्या बुटाच्या आत असतो. गॅरेजात त्याला सरसकट रबर म्हणतात, पण आजकाल तो बहुधा पॉलियुरेथेनच्या फोमचा असतो. एक टोक निमुळते आणि मऊ, दुसरे जाड. चाक खड्ड्यातून वर उसळले की आधी स्प्रिंग दबते. तेवढ्याने भागले नाही तर हा फोम मध्ये येतो. आधी हळू, मग अधिकाधिक जोराने तो चाकाला थोपवतो. तो नसेल तर लोखंडावर लोखंड आपटेल.

आता गाडी खाली केली की काय होते? समजा मूळ गाडीत बम्प स्टॉप टेकण्याआधी ५० मिलिमीटर मोकळी जागा होती. गाडी ३५ मिलिमीटर खाली आणली, तर उरले १५. मग लहानशा खड्ड्यातही फोम टेकतो आणि गाडी उड्या मारू लागते. वळणावर तर गोष्ट अधिक गंभीर होते. बाहेरच्या बाजूचा फोम टेकला की त्या चाकाचा कडकपणा एकदम वाढतो. पुढच्या चाकाला असे झाले तर गाडी हवी तेवढी वळत नाही. मागच्या चाकाला झाले तर मागची बाजू बाहेर सरकू शकते. म्हणजे कापण्यामागे कारण आहे, हे मान्य. काही स्प्रिंग कंपन्या किती कापायचे ते सूचनापत्रकात स्वतःच देतात.

पण ज्याला आपण 'जागा वाढवली' म्हणतो, तिचा हिशेब नीट करून पाहा. समजा फोम ६० मिलिमीटरचा आहे आणि पूर्ण दबल्यावर २० उरतो. म्हणजे धक्का पचवायला त्याच्याकडे ४० मिलिमीटर आहेत. त्यातून २० कापले. उरलेला ४० चा तुकडा पूर्ण दबून साधारण १३ चा होईल. मोकळी जागा २० ने वाढली खरी, पण धक्का पचवणारे अंतर ४० वरून २७ वर आले. आणि चाक थांबण्याची शेवटची जागा फक्त ७ मिलिमीटर वर सरकली. फोम उशिरा टेकेल आणि टेकेल तेव्हा जास्त कडक टेकेल, एवढाच या व्यवहाराचा अर्थ. त्यात सुरीने मऊ टोकच गेले असेल, तर सुरुवातीचा हळुवारपणाही गेला.

त्या ७ मिलिमीटरचीही किंमत आहे. बम्प स्टॉप फक्त धक्का पचवत नाही, चाकाने कुठे थांबायचे हेही तोच ठरवतो. त्यापलीकडे शॉकअपचा पिस्टन तळाला आपटू शकतो, टायर मडगार्डच्या आत घासू शकतो, स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसू शकतात. स्प्रिंग बदलल्याने मडगार्ड वर सरकत नाही आणि शॉकअप लांब होत नाही. मूळ गाडी बनवणाऱ्याने हे सगळे धरूनच फोमची लांबी ठरवलेली असते.

आता हे आपल्या रस्त्यावर आणा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो आरामात ओलांडता येतो. आपल्या गल्लीतला गतिरोधक कुणी कोणत्या मापाने घातला हे आपल्याला ठाऊकच आहे. स्विफ्टसारख्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. ४० ने खाली केली तर उरले १२३, तेही गाडी रिकामी असताना. ईदच्या दिवशी त्याच गाडीत पुढे दोघे, मागे तिघे आणि डिकीत बिर्याणीचा टोप असतो. मागचा फोम अशा वेळी दुसऱ्या स्प्रिंगसारखे काम करतो. नेमका तोच अर्धा कापलेला असेल, तर धक्का जातो मागे बसलेल्या दादीच्या कमरेत. गाडी लो करायचा निर्णय दादीने घेतलेला नसतो. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. हौस एकाची आणि त्रास त्याचा, जो मागे बसला आहे.

कायद्याचेही भान ठेवायला हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. न कळवता केलेला बदल विम्याच्या दाव्यातही वादाचे कारण ठरू शकतो. घरची एकुलती गाडी असेल तर ती लो करूच नये, असे मी म्हणेन.

यावर मला एक उत्तर नेहमी ऐकू येते : 'आमचा उस्ताद वीस वर्षांपासून अंदाजाने कापतो, काही झाले नाही.' उस्तादाच्या हुनराबद्दल मला आदर आहे. आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखणारी माणसे आपल्याकडे आहेत. पण चाळीस वर्षे मशीनवर बसलेल्या शिंप्याच्या गळ्यातही टेप असतेच. अनुभवी माणूस माप सोडत नाही, उलट कुठे माप घ्यायचे ते त्याला जास्त कळते. आपल्या धर्मात माप-तोलात कसूर करणाऱ्यांना ताकीद देणारी एक पूर्ण सूरह आहे, सूरह मुतफ़्फ़िफ़ीन. ती आपण दुकानातल्या तराजूपुरती ठेवतो. गॅरेजच्या मोजपट्टीलाही ती लागू व्हायला काय हरकत आहे? गिऱ्हाइकाने किल्ली हातात दिली, की ती गाडी आणि तिच्यात बसणारी माणसे आपल्याकडे अमानत असतात.

मोजायला फार काही लागत नाही. शॉकअपच्या दांडीवर प्लॅस्टिकचा एक केबल टाय घट्ट बसवा आणि गाडी नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वजनासह फिरवून आणा. टाय कुठे सरकला त्यावरून फोम किती दबतो ते कळते. गाडी नीट टेकवून आणि स्प्रिंग काढून चाक जॅकने वर घेतले, तर टायर कुठे घासतो ते डोळ्यांनी दिसते. कापायचे ठरलेच तर सूचनापत्रकात सांगितलेल्या टोकाकडूनच कापा, आणि डाव्या-उजव्या बाजूचे माप एकच ठेवा. आणि ग्राइंडरने स्प्रिंगचेच वेढे उडवून गाडी खाली करणाऱ्याकडे तर जाऊच नका.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे त्या उंचीसाठीच बनवलेला आखूड बम्प स्टॉप घेणे. तो मिळाला नाही तर बाजारातून नवी जोडी आणून तिच्यावर सुरी चालवा आणि गाडीबरोबर आलेली जोडी पिशवीत घालून डिकीत ठेवा. स्प्रिंग पुन्हा बदलता येते. कापलेला फोम जोडता येत नाही.