चोरीस-पाव आणि अर्धा तास

दुकानातली आवडती चव घरी करून बघणं हा सध्या आपल्या सगळ्यांचाच उद्योग झालाय. हॉस्टेलवर तर विचारूच नका, किटलीतसुद्धा प्रयोग चालतात! माझा प्रयोग चोरीस-पावाचा होता.

आमच्या वाड्यावर चर्चजवळ एक छोटं दुकान होतं. रविवारची मिस्सा सुटली की तिथे गर्दी व्हायची. कागदात गुंडाळलेले चोरीस-पाव आधीच रचून ठेवलेले असायचे, कागदावर लाल तेलाचे डाग. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद झालं. मालकांचं वय झालं, मुलं परदेशात. मम्मी म्हणाली, "त्यात काय एवढं? घरीच करूया."

पहिल्यांदा मी सुपरमार्केटचा स्लाइस ब्रेड आणला आणि कढईत तेल घालून चोरीस परतला. ब्रेडचा लगदा झाला. शेजारच्या आंटी हसल्या. म्हणाल्या, तेल कशाला? चोरीसात डुकराच्या मांसाबरोबर चरबीचे तुकडे असतातच. माळेतले मणी फोडायचे, थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवायचे. पाणी आटलं की चरबी सुटते, त्यातच भरपूर कांदा शिजवायचा. मीठही घालायचं नाही. मीठ, माडाचं व्हिनेगर, सुकी मिरची, लसूण हे सगळं आत मुरलेलं असतं, कारण हा मुळात टिकवायचा पदार्थ. उन्हात वाळवून पावसाळ्यासाठी ठेवायचा, मासळी मिळत नाही त्या दिवसांसाठी.

दुसऱ्यांदा पोदेराकडून उंडे घेतले. चव जवळ आली, पण पाव आणि सारण यांची अजून ओळख झाली नव्हती. तिसऱ्यांदा कॉलेजला उशीर होत होता. गरम सारण भरलं, कागदात गुंडाळलं, बॅगेत टाकलं. अर्ध्या तासाने बसमध्ये उघडलं आणि तीच चव! वाफेने उंड्याची कडक साल मऊ झाली होती, लाल चरबी पावात उतरली होती. दुकानदार मिस्सा सुटायच्या आधी पाव भरून ठेवायचे ते गर्दी आवरावी म्हणून. चव त्या अर्ध्या तासात होती.

आपण साहित्याचे विद्यार्थी लगेच म्हणतो की चव वगैरे काही नसतं, ती बालपणाची आठवण असते. मला हे पटत नाही. असं म्हटलं की त्या दुकानदारांची अक्कल आपण आपल्या आठवणीच्या नावावर जमा करतो. ती चव खरी होती आणि ती कोणीतरी रोज करत होतं.

आणि मी "घरी केलं" म्हणतो, ते तरी कितपत खरं? चोरीस दुसऱ्याने भरून वाळवलेला, उंडा पोदेराने रात्री जागून भाजलेला. माझं काय, तर एक कढई आणि एक कांदा. उद्या पोदेर थांबला तर माझी रेसिपी कागदावरच राहील. त्याच्या मुलांना भट्टीपुढे उभं राहायचं नसेल तर मी त्यांना दोष देणार नाही, मलाही पहाटे उठवत नाही. पण पाव एक रुपयाने महागला की आपण व्हॉट्सॲपवर भांडतो आणि त्याच आठवड्यात कॅफेतल्या सँडविचला दोनशे रुपये मुकाट देतो. हा हिशेब मला लाज आणतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. घरी जरूर करा. हात भाजल्याशिवाय दुसऱ्याच्या हाताची किंमत कळत नाही. पण पाव पोदेराकडूनच घ्या. तुमच्या वाड्यावरचं दुकान अजून चालू असेल, तर या रविवारी तिथे जा आणि दोन प्रश्न विचारून घ्या.

मी दहा वर्षं ते पुडकं हातात घेतलं, पैसे दिले आणि निघालो. "अंकल, हे कसं करता?" असं एकदाही विचारलं नाही.